घरातली रोपपेटी : उजेड, पाणी आणि विजेचा हिशेब

घटस्थापनेच्या दिवशी देवघरात मातीवर पेरलेले धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढते. मात्र बहुतेक घरांत ते हिरवे नसते, पिवळे असते. देठ लांब, नाजूक आणि एका बाजूला कललेले. श्रद्धेच्या दृष्टीने ते शुभ मानले जाते; वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो उजेडासाठी चाललेला आकांत असतो. बियाणात साठवलेल्या अन्नावर कोंब वाढतो, उजेड सापडेल या आशेने उंच होतो, आणि उजेड मिळालाच नाही तर हरितद्रव्य तयार न होता पिवळाच राहतो. साठा संपला की त्याची वाढ थांबते. घरात रोपे वाढविण्याची पेटी, अर्थात हल्ली शहरांत 'ग्रो बॉक्स' या नावाने ओळखली जाणारी रोपपेटी, नेमकी याच ठिकाणी उपयोगी पडते. बियाणाची शिदोरी संपल्यानंतर रोपाला जो उजेड हवा, तो ती पुरविते. तो उजेड विकतचा असतो, आणि पेटी बनविण्याआधी लक्षात घ्यावयाची मुख्य गोष्ट हीच.

कपाटाएवढ्या किंवा त्याहून लहान बंदिस्त जागेत दिवा, हवा खेळविणारा पंखा, मातीचा किंवा कोकोपीटचा ट्रे आणि वेळेवर चालू-बंद होणारे बटण, एवढ्यानेच रोपपेटी पूर्ण होते. पुण्या-मुंबईत ती हौसेखातर किंवा बाल्कनी नाही म्हणून केली जाते. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव यांसारख्या गावांत कारण वेगळे आहे. येथे गच्ची असते, ऊनही भरपूर असते. नसते ते पाणी. शिवाय एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर गेला की गच्चीवरच्या कुंडीतील कोथिंबीर दुपारपर्यंत मान टाकते. नळाला पाणी अनेकदा काही दिवसांच्या अंतराने येते आणि ते पिंपात साठवून पुरवून वापरावे लागते. अशा घरात कुंडीला दोन वेळा पाणी घालणे परवडत नाही. त्यामुळे येथील रोपपेटीचा पहिला हेतू उजेड देणे हा नसून रोपाला उन्हापासून आणि कोरड्या वाऱ्यापासून वाचविणे हा आहे.

काचेच्या पेटीपासून एलईडीपर्यंत

बंद पेटीत झाड जगविण्याची कल्पना जुनी आहे. लंडनमधील नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरला १८२९ च्या सुमारास बंद काचेच्या बरणीत नेचे आपोआप उगवलेले आणि पाणी न घालता टिकलेले आढळले. आतली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरत होती. त्याच्या नावाने 'वॉर्डची पेटी' प्रसिद्ध झाली. रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधील चहाची रोपे १८४८ नंतरच्या काही वर्षांत भारतात आणली ती अशाच पेट्यांतून, जहाजाच्या डेकवर ठेवून. मातीविना शेतीचा, म्हणजे हायड्रोपोनिक्सचा, भारतातील पहिला गंभीर प्रयोग १९४६ मध्ये बंगालमधील कालिम्पाँग येथे जे. शोल्टो डग्लस यांनी सुरू केला. स्वस्त वाळू-खडीच्या वाफ्यांवर आधारलेली ही पद्धत पुढे 'बंगाल पद्धत' म्हणून ओळखली गेली.

अडचण होती ती दिव्याची. जुना पिवळा बल्ब विजेचा फार मोठा भाग उष्णतेत घालवीत असे. ट्यूबलाइटने काम थोडे सोपे केले. खरा फरक पडला तो निळा एलईडी तयार झाल्यानंतर, कारण त्याच्यामुळेच पांढरा एलईडी शक्य झाला. या शोधाबद्दल इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची 'उजाला' योजना सुरू झाली आणि एलईडी दिवे गावोगावच्या किराणा दुकानापर्यंत पोहोचले. आज कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी दोन फुटी एलईडी पट्टी रोपपेटीला पुरते. जांभळ्या रंगाचे खास 'ग्रो लाइट' घेतलेच पाहिजेत असे नाही. पांढऱ्या उजेडात रोपाला लागणारे निळे आणि लाल हे दोन्ही भाग असतात, आणि पान खरोखर हिरवे आहे की पिवळे पडत चालले आहे, हेही त्यात डोळ्यांना कळते. जांभळ्या उजेडात सारीच पाने काळपट दिसतात.

पेटी कशाची करावी

नवीन प्लायवूड आणून सुताराकडून पेटी करून घेता येते. परंतु मराठवाड्यात जवळपास प्रत्येक घराच्या माळ्यावर किंवा गच्चीवर एक तयार पेटी पडून असते. ती म्हणजे मोटर जळालेला जुना पत्र्याचा कूलर. चारी बाजूंनी जाळ्या, खाली पाण्याची टाकी, पुढे पंख्याचे भोक: रोपपेटीला हवे ते बहुतेक सारे त्यात आधीच असते. वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्श्याच्या ताट्या काढून टाकाव्यात, दोन बाजूंना पांढरा रंग दिलेले पातळ पत्रे बसवावेत आणि तिसरी बाजू दारासाठी मोकळी ठेवावी. गंजलेली टाकी घासून रंगवावी. जुने लोखंडी कपाट, नादुरुस्त फ्रीजचा सांगाडा किंवा पुस्तकांच्या मांडणीचा एक कप्पाही चालतो. फ्रीजच्या भिंती उष्णता अडवितात हा त्याचा फायदा. मात्र त्याच कारणाने आतली उष्णताही बाहेर जात नाही, म्हणून पंख्याशिवाय तो निरुपयोगी ठरतो.

दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच हे माप घरगुती कामाला योग्य. याहून मोठी पेटी केली की दिवे वाढतात, दिव्यांबरोबर उष्णता वाढते आणि बीडच्या उन्हाळ्यात ती आवरत नाही. आतील भिंतींना चकाकणारा नव्हे, तर साधा पांढरा मॅट रंग द्यावा. चुरगळलेला ॲल्युमिनियमचा कागद लावण्याची पद्धत दिसते. पण त्याच्या सुरकुत्यांमुळे उजेड एकसारखा पसरत नाही, आणि विजेच्या तारांजवळ धातूचा कागद धोक्याचा. रंग दिल्यानंतर त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत, किमान आठवडाभर, पेटी उघडी ठेवावी.

हवेसाठी दोन भोके लागतात. खालच्या कोपऱ्यात थंड हवा आत येण्यासाठी एक, आणि त्याच्या समोरच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात गरम हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यासाठी दुसरे. जुन्या संगणकातील बारा व्होल्टचा पंखा आणि त्याला जुळणारा अडॅप्टर एवढे पुरे. पंखा हवा बाहेर ओढणारा असावा, आत ढकलणारा नव्हे. खालच्या भोकाला बारीक जाळी लावली नाही तर मुंग्या आणि चिलटे पहिल्याच आठवड्यात येतात.

आता विजेसंबंधी. ओला ट्रे, पत्र्याची पेटी आणि घरगुती वीज एकत्र येतात तेव्हा गंमत उरत नाही. कूलरचा शॉक लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या मराठवाड्यातील वृत्तपत्रांत दर उन्हाळ्यात येतात; जुन्या कूलरची रोपपेटी करणाऱ्याने त्या विसरू नयेत. पेटीच्या पत्र्याला अर्थिंगची तार जोडलेलीच असावी, तीन पिनांचा प्लग वापरावा आणि घराच्या अर्थिंगची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी. वीजगळती होताच पुरवठा तोडणारे आरसीसीबी त्या सर्किटवर असल्यास उत्तम. सॉकेट पेटीच्या बाहेर आणि ट्रेपेक्षा उंच असावे. तार सॉकेटकडे जाण्यापूर्वी खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी झोलाच्या टोकाला ठिबकते, सॉकेटमध्ये शिरत नाही. पाणी घालण्यापूर्वी प्लग काढण्याची सवय लहान मुलांच्या घरात तर सक्तीची समजावी.

उजेड किती आणि त्याची किंमत काय

डोळा उजेडाच्या बाबतीत मोठा फसवा साक्षीदार आहे. रात्री ट्यूबलाइटने उजळलेली बैठकीची खोली आपल्याला लख्ख वाटते. प्रत्यक्षात तेथे दोनशे-तीनशे लक्स एवढाच उजेड असतो. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर तोच आकडा एक लाखाच्या घरात जातो. म्हणून हॉलच्या कोपऱ्यात ठेवलेली तुळस महिन्याभरात झडते आणि घरातली मंडळी पाण्याला किंवा नजरेला दोष देतात.

दोन फूट बाय दीड फूट पेटीत दहा वॉटच्या चार एलईडी पट्ट्या बसविल्या असे समजू. एका पट्टीचा उजेड सुमारे एक हजार ल्यूमेन, म्हणजे एकूण चार हजार. पेटीचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटरपेक्षा किंचित जास्त. भिंतींत आणि फटींत एक तृतीयांश उजेड वाया गेला तरी रोपांवर साधारण दहा हजार लक्स पडतात. रोज चौदा तास दिवे चालू ठेवले तर रोपाला मिळणारा एकूण उजेड हा मे महिन्यातील उघड्या आकाशाखालच्या दिवसभराच्या उजेडाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतका होतो. कोवळी मेथी, मोहरी, कोथिंबीर किंवा भाजीपाल्याची रोपे यांना तो पुरतो. टोमॅटो, मिरची, वांगे यांना फळ धरण्यासाठी याच्या तिप्पट तरी हवा. पेटीत टोमॅटोचे झाड वाढते, फुलतेही; फळ मात्र जेमतेम धरते, आणि ज्याने हौसेने ते लावले त्याची निराशा होते.

चार पट्ट्या चौदा तास म्हणजे रोज ०.५६ युनिट. अडीच वॉटचा पंखा दिवसरात्र चालला तर आणखी ०.०६. महिन्याला एकोणीस युनिटच्या आसपास. युनिटमागे दहा रुपये धरले तर १९० रुपये. एवढ्या रकमेत मंडईतून बऱ्याच जुड्या येतात. तेव्हा रोपपेटी भाजीचा खर्च वाचविते, हा दावा खरा नाही. तिची किंमत वेगळ्या कामात वसूल होते, आणि ते काम कोणते हे पुढे येईल.

ज्यांच्या घरात पूर्वेची खिडकी आहे आणि तीतून सकाळी दोन-अडीच तास कोवळे ऊन आत येते, त्यांनी आधी तेथेच ट्रे ठेवून पाहावा. फुकटचा उजेड असताना विकत घेण्याचे कारण नाही.

उष्णतेशी सामना

दिव्यात गेलेली जवळपास सारी वीज अखेर उष्णताच होते. चाळीस वॉट ऐकायला थोडे वाटतात. पण बंद पेटीत ते खोलीपेक्षा तीन ते पाच अंश जास्त तापमान तयार करतात, तेही पंखा चालू असताना. बाहेर बेचाळीस, खोलीत छत्तीस, म्हणजे पेटीत चाळीस. कोथिंबिरीचे बी अशा तापमानात उगवत नाही आणि पालक उगवला तरी लवकर मरतो.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रोपाचा दिवस आणि आपली रात्र एक करणे. मार्चपासून जूनपर्यंत दिवे संध्याकाळी सातला सुरू करून सकाळी नऊला बंद करावेत. रोपाला सूर्य केव्हा उगवला याच्याशी देणेघेणे नसते. चौदा तास उजेड आणि दहा तास अंधार नियमाने मिळाला की झाले. दुपारी दिवे बंद असतात, त्यामुळे पेटी खोलीपेक्षा गरम होत नाही. पेटी वरच्या मजल्यावर स्लॅबखाली कधीही ठेवू नये. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडीत राहतो. तळमजल्यावरील उत्तरेकडची खोली उत्तम. जुन्या गावठाणात अजून माळवदाची घरे टिकून आहेत, आणि जाड मातीच्या छताखालच्या तेथील खोल्या या कामाला सिमेंटच्या नव्या घरांपेक्षा सरस ठरतात. चालू कूलरच्या झोताच्या कडेला पेटी ठेवली तर थंडावा आणि दमटपणा दोन्ही मिळतात.

वेळ सांभाळण्यासाठी टायमर सॉकेट लागते. चक्र फिरविण्याचा साधा टायमर वीज गेली की थांबतो आणि आली की थांबल्या जागेहून पुढे चालतो. चार वेळा वीज गेली की संध्याकाळचे सात वाजलेले त्याला दुपारचे तीन वाटू लागतात. जेथे भारनियमन किंवा वारंवार खंड आहे तेथे आत सेल असलेला डिजिटल टायमरच घ्यावा. वीज गेल्यावर दिवे इन्व्हर्टरवर चालवू नयेत. काही तासांच्या अंधाराने रोपाचे बिघडत नाही.

हिवाळ्यात परिस्थिती उलटी. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बीडमध्ये चांगलीच थंडी पडते, आणि दिव्यांची तीच उष्णता तेव्हा उपयोगाची ठरते. खरे तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच येथील रोपपेटीचा उत्तम हंगाम. पहिली पेटी मे महिन्यात सुरू करणारा बहुधा जूनमध्ये ती बंद करतो.

पाण्याचा खरा ताळा

रोपपेटीत पाण्याची मोठी बचत होते असे सर्रास सांगितले जाते. बीड जिल्ह्यापुरते हे विधान जरा तपासून घेण्यासारखे आहे.

उन्हाळ्यात मराठवाड्यात उघड्या पृष्ठभागावरून दिवसाला दहा मिलिमीटरहून अधिक पाणी उडून जाऊ शकते. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. या हिशेबाने पेटीएवढ्याच क्षेत्राचा वाफा गच्चीवर ओला ठेवायचा तर रोज अडीच-पावणेतीन लिटर पाणी लागेल. पेटीत ऊन नाही, लू नाही. तेथे अर्धा-पाऊण लिटरमध्ये भागते. म्हणजे घरातील दोन लिटर पाणी रोज वाचले. पिंपावर झाकण ठेवून दिवस काढणाऱ्या घराला हे दोन लिटर लहान नाहीत.

पण पेटीला लागणारी वीज कोठून येते? कोळशावर चालणाऱ्या केंद्रांनाही पाणी लागते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांसाठी पाण्याची कमाल मर्यादा ठरविली ती दर मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर, म्हणजे एका युनिटमागे साडेतीन लिटर. रोपपेटीचे रोजचे ०.६२ युनिट या दराने सुमारे दोन लिटर पाणी पितात. घरात वाचलेले दोन लिटर दुसरीकडे खर्च झाले, एवढाच त्याचा अर्थ. बीडकरांना हे उदाहरणाने समजावण्याची गरज नाही. जुलै २०१५ मध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. सारी वीज औष्णिक नसते हे खरे, आणि छतावर सौर पॅनेल असलेल्या घराचा हिशेब आणखी वेगळा येईल. तरीही चोवीस तास दिवे जाळून 'पाणी वाचविले' म्हणणे बरोबर नाही. दिवे कमीत कमी दिवस लागतील अशीच पिके पेटीत घेणे शहाणपणाचे.

पाण्याच्या प्रमाणाइतकाच त्याचा गुणही महत्त्वाचा. बेसॉल्ट खडकातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते. कुंडीच्या कडांवर जमणारा पांढरा थर ही त्याची खूण. लहान ट्रेमध्ये हे क्षार लवकर साठतात आणि पानांच्या कडा करपतात. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी तर मूळ पाण्यापेक्षाही खारट असते. ते फरशी पुसायला वापरावे, रोपांना नव्हे. एसीतून ठिबकणारे पाणी मात्र जवळजवळ क्षारविरहित असते आणि ते बादलीत धरून रोपांना घालता येते. पावसाळ्यात पन्हाळीचे पाणी दोन-चार कॅनमध्ये भरून झाकून ठेवले तर दिवाळीपर्यंत पुरते.

पाणी वरून शिंपडण्याऐवजी खालून द्यावे. भोके असलेला ट्रे दुसऱ्या बिनभोकाच्या ट्रेमध्ये ठेवून खालच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी ओतावे. अर्ध्या तासात वरचा थर ओलसर होतो. उरलेले पाणी काढून टाकावे. सतत ओल राहिली की कोवळी रोपे बुंध्याशी काळी पडून आडवी होतात. रोपवाटिकेत याला 'मर' म्हणतात. रोपे एकदा आडवी होऊ लागली की ट्रे वाचत नाही, तो रिकामा करून धुवावा. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी कोकोपीटमध्ये आधीच मिसळली तर मर बरीच आटोक्यात राहते.

माती, बियाणे आणि एक सावधगिरी

जिल्ह्यातील काळी माती कापसाला चांगली, ट्रेला वाईट. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि लहान भांड्यात मुळांना हवा मिळत नाही. दोन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेले गांडूळखत हे मिश्रण सोपे. कोकोपीटची वीट पाण्यात फुलवून दोन-तीन वेळा पिळून धुवावी, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असते. कोकोपीटमध्ये अन्नद्रव्य जवळपास नसते. दहा-बारा दिवसांत काढावयाच्या कोवळ्या पाल्याला खत लागतच नाही. महिनाभर ठेवावयाच्या रोपांना आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात एक ग्रॅम १९:१९:१९ विद्राव्य खत पुरे.

खाण्यासाठी वाढवायचे बी स्वयंपाकघरातील डब्यातून घ्यावे, कृषी सेवा केंद्रातून नव्हे. शेतीसाठी विकल्या जाणाऱ्या बियाणाला अनेकदा बुरशीनाशक चोळलेले असते आणि ओळखण्यासाठी त्याला गुलाबी, लाल किंवा हिरवा रंग दिलेला असतो. शेतात दोन-तीन महिन्यांनी येणाऱ्या पिकाची गोष्ट वेगळी. आठ दिवसांत कोवळे कोंबच खुडून खायचे असतील तर असे बियाणे विषारी ठरू शकते. डब्यातील मेथ्या, मोहरी, अख्खे मूग आणि धने उत्तम उगवतात. धने हलके रगडून दोन फाका कराव्यात आणि रात्रभर भिजवावेत. तरीही आठ-दहा दिवस धीर धरावा लागतो. मेथी दोन-तीन दिवसांत वर येते आणि आठव्या-नवव्या दिवशी कात्रीने कापता येते.

येथे पेटीचा सर्वांत फायद्याचा उपयोग दिसतो. मेथीच्या पहिल्या तीन दिवसांत दिवा लागतच नाही, कारण रोप बियाणाच्या साठ्यावर वाढत असते. ट्रेवर ओले फडके किंवा दुसरा ट्रे पालथा घालून अंधारात ठेवावे. कोंब टोपी वर उचलू लागले की मग दिवे. प्रत्यक्ष विजेचे दिवस पाच-सहाच होतात आणि त्या दिवसांत पिवळा कोंब हिरवा होतो. पट्ट्या रोपांच्या शेंड्यांपासून वीतभर उंचीवर असाव्यात. दूर ठेवल्या की रोपे घटातल्या धान्यासारखी लांबतात.

साठ्यावर वाढणे आणि उजेडावर वाढणे यांतील हा फरक न समजल्याने मोठमोठ्या अपेक्षा बांधल्या जातात. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ या दुष्काळी वर्षांत मराठवाड्यात जनावरांच्या छावण्या उभ्या राहिल्या, त्याच काळात ट्रेमध्ये मक्याचा हायड्रोपोनिक चारा तयार करण्याची पद्धत गावोगाव चर्चेत आली. शेडनेटच्या खोपटात बांबूची मांडणी, त्यावर ट्रे, दिवसातून अनेकदा पाण्याचा फवारा, आणि आठवड्यात एक किलो मक्याचा पाच ते आठ किलो हिरवा चारा. हा चमत्कार वाटतो. पण वाढलेले वजन मुख्यत्वे पाण्याचे असते. कोंब वाढताना बियाणातील अन्न जाळतो, त्यामुळे चाऱ्यातील कोरडा अंश मूळ मक्यापेक्षा थोडा कमीच भरतो. हिरवा चारा अजिबात नसताना दुभत्या जनावराला त्याची चव आणि जीवनसत्त्वे लाभतात, ही त्याची खरी किंमत. कडब्याची जागा तो घेऊ शकत नाही. पुण्यात कंटेनरमध्ये केशर फुलविल्याच्या बातम्या वाचूनही अनेकांनी चौकशा केल्या. तेथेही फूल येते ते काश्मिरातून आणलेल्या कंदातील साठ्यावर. पुढच्या वर्षासाठी कंद पोसायचा तर भरपूर उजेड आणि थंडी लागते. कपाटातल्या पेटीत केशर घेऊन श्रीमंत होण्याचा विचार बीडच्या वाचकाने सोडून द्यावा.

रोपे आणि उगवण चाचणी

मग महिन्याला दोनशे रुपयांची वीज कोणत्या कामासाठी जाळावी? दोन कामे तिला न्याय देतात.

पहिले, रोपे तयार करणे. टोमॅटो, मिरची, वांग्याचे बी जूनच्या पहिल्या पावसाच्या महिनाभर आधी, किंवा हिवाळी भाज्यांसाठी ऑगस्टअखेर, पेटीत पेरावे. अठ्ठ्याण्णव खळग्यांचा प्लास्टिकचा रोप-ट्रे मध्यम पेटीत बसतो. पंचवीस-तीस दिवसांनी पेन्सिलच्या निम्म्या जाडीचे रोप मिळते. पुढे त्याला गच्चीवरचे फुकटचे ऊन आहेच. फक्त पेटीतून थेट उन्हात नेऊ नये. आठवडाभर आधी सावलीत, मग सकाळच्या उन्हात, मग पूर्ण उघड्यावर अशी सवय लावावी. पंख्याची झुळूक रोज लागलेली असेल तर देठ आधीच भक्कम झालेले असतात.

दुसरे काम अधिक मोलाचे. बीड शहरात राहणाऱ्या कित्येक कुटुंबांची शेती गावाकडे असते आणि त्यातील बरीच सोयाबीनखाली जाते. २०२० च्या खरिपात पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही अशा तक्रारींनी मराठवाड्यातील कृषी कार्यालये भरून गेली होती आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत पोहोचले होते. दुबार पेरणीत बियाणे, खत, मजुरी सारे दुसऱ्यांदा जाते. सोयाबीनच्या बियाणाचे टरफल नाजूक असते. मळणी यंत्रात किंवा पोत्यांच्या थप्पीत ते तडकले की उगवणशक्ती जाते, आणि बाहेरून ते दिसत नाही. घरचे बियाणे असो वा विकतचे, पेरणीपूर्वी उगवण तपासावी असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. मे महिन्यात उघड्यावर केलेली ही चाचणी मात्र उष्णतेने बिघडू शकते. दिवे बंद ठेवलेली, पंखा चालू असलेली आणि गार खोलीत ठेवलेली रोपपेटी येथे आदर्श ठरते.

पोत्याच्या तळातून, मधून आणि वरून मूठमूठ बियाणे काढून एकत्र करावे. त्यातून निवड न करता, म्हणजे चांगले-वाईट न पाहता, सलग शंभर दाणे मोजावेत. गोणपाटाचा चौकोनी तुकडा धुऊन, पिळून ट्रेमध्ये पसरावा. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, दाण्यादाण्यात बोटभर अंतर. वर दुसरा ओला तुकडा घालून सैल गुंडाळी करावी आणि पेटीत ठेवावी. गोणपाट ओलसर राहावे, त्यातून पाणी निथळता कामा नये. सोयाबीन जास्त पाण्यात कुजते. शक्यतो पंचवीस-तीस अंशांच्या आत तापमान ठेवावे. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उघडून निरोगी कोंब आणि मूळ दोन्ही असलेले दाणे मोजावेत. वाकडे, तुटके, बुरशी आलेले धरू नयेत.

सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर शिफारस केलेल्या प्रमाणात पेरणी करावी. प्रमाणित सोयाबीन बियाणासाठी उगवणीची किमान मर्यादा हीच आहे. साठ ते सत्तरच्या दरम्यान असेल तर एकरी बियाणे त्या प्रमाणात वाढवावे. साठच्या खाली असेल तर ते बियाणे बाजूला ठेवून दुसरे पाहावे. विकतच्या बियाणाची उगवण कमी निघाल्यास पावती, पिशवी, त्यावरील लेबल आणि थोडे बियाणे जपून ठेवून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे पेरणीपूर्वीच लेखी तक्रार करावी. पेरून झाल्यावर दोष बियाणाचा, खोलीचा की पावसाचा, यावर वाद सुरू होतो. चाचणी चांगली आली तरी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणीची घाई करू नये, कारण पेटीतली ओल हाताशी असते, शेतातली नसते.

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात ही चाचणी केली, तर कमी उगवण निघाल्यास बियाणे बदलायला आणि दुसऱ्यांदा तपासायला मृगापर्यंत वेळ मिळतो.